वादळाचे नाव नागपूरपर्यंत का पोहोचत नाही?

बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्याला धडकते तेव्हा त्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते. त्याच वादळाचा पाऊस दोन-तीन दिवसांनी विदर्भात कोसळू लागतो तेव्हा हवामान खात्याच्या पत्रकात बहुधा केवळ 'कमी दाबाचे क्षेत्र' एवढाच उल्लेख उरलेला असतो. कारण नाव मिळते ते वाऱ्यामुळे, पावसामुळे नव्हे. वाऱ्याचा सततचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की हवामान खात्याचे दिल्लीतील केंद्र वादळाला नाव देते. जमिनीवर आल्यावर समुद्राच्या वाफेचा पुरवठा तुटतो आणि वारे मंदावतात. बरोबर आलेले बाष्प मात्र लगेच संपत नाही.

'गुलाब' हे याचे उत्तम उदाहरण आहे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आलेले हे वादळ क्षीण होत विदर्भ-मराठवाड्यावरून सरकले. सोयाबीन काढणीच्या त्या दिवसांत मुसळधार पाऊस झाला आणि यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ एसटी बस नाल्याच्या पुरात वाहून गेली. पुढे त्याचेच अवशेष अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावले. परंतु मधल्या काळात ते चक्रीवादळ राहिले नसल्याने त्याला 'शाहीन' हे नवे नाव मिळाले आणि त्याच नावाने ते ओमानला धडकले.

अटलांटिक महासागरात सहा याद्या आलटून पालटून वापरतात, म्हणजे दर सहा वर्षांनी तीच नावे परततात. फार हानी करणारे नाव तेवढे कायमचे वगळतात. २००१ मधील 'ॲलिसन' कधीही हरिकेनच्या, म्हणजे तिकडच्या तीव्र चक्रीवादळाच्या, ताकदीला पोहोचले नव्हते, तरी त्याच्या पावसाने ह्यूस्टन शहर बुडाले. त्यामुळे ते नाव बाद करून त्याजागी 'अँड्रिया' आले. वाऱ्यावरून दिलेले नाव पावसामुळे काढून घ्यावे लागले, हे मला फार बोलके वाटते.

आपल्याकडे असा निवाडा करावाच लागत नाही, कारण प्रत्येक नाव एकदाच वापरले जाते. २००४ पासूनची, या भागातील आठ देशांनी सुचवलेली ६४ नावे २०२० मध्ये 'अंफान'बरोबर संपली. नव्या यादीत १३ देशांची प्रत्येकी १३, म्हणजे १६९ नावे असून त्यांतले पहिले 'निसर्ग' अलिबागजवळ धडकले. 'गुलाब' हे पाकिस्तानने सुचवलेले नाव होते. २०२४ मध्ये गुजरातेत पूर आणून मग समुद्रात उतरलेल्या वादळाचे 'असना' हे नावही त्याच देशाचे. दोन्ही आता वापरून झाली असून पाकिस्तानच्या रांगेत तिसरे नाव 'साहब' आहे.