वाड्यातल्या मांजरी बिल्डिंगखाली कशा आल्या

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "मांजरींना खायला कोण घालतंय" वरून वाद पेटला की बऱ्याच जणांना वाटतं ही जनावरं बाहेरून कुठून तरी आलीत. नाशिकपुरतं बोलायचं तर मांजरी इथल्याच आहेत, बदलली ती आपली घरं.

जुन्या नाशकात, भद्रकाली, दहीपूल, रविवार पेठ, गंगेपलीकडे (म्हणजे गोदावरीपलीकडे) पंचवटी, सगळी वाड्यांची वस्ती. वर्षाचं धान्य भरलेलं, पोती रचलेली, माळ्यावर अडगळ, मग उंदीर आलेच आणि उंदरांमागे मांजर. ती कुणा एकाची नसायची, सकाळी एका बिऱ्हाडात दूध, दुपारी दुसरीकडे उरलेला भात, आणि व्यायची तिसऱ्याच्याच माळ्यावर जुन्या गादीच्या वळकटीत. भाटी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते तिथे अगदी खरं होतं, छपराला छप्पर लागलेलं, पिल्लू तोंडात धरून ती रस्त्यावर न उतरता तीन वाडे ओलांडायची. लाडच व्हायचे असं नाही हं, दूध-लोणी शिंक्यावरच टांगलेलं असायचं आणि आडवी गेली की माणसं थांबायची. पण जीव घ्यायचा नाही हे पक्कं. षष्ठीदेवीचं वाहन मांजर, आणि मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं असं आजीलोक सांगायचे. मला तरी वाटतं त्या धाकाने कुठल्याही नोटीसपेक्षा जास्त जीव वाचवले.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि तिथून सगळीकडे पसरला, तेव्हा उंदीर हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकानन यांनी तर १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेखच लिहिला की मांजरी पाळणं हा प्लेगवरचा उपाय आहे. (मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आता माहितीये, त्यामुळे उपाय वाटतो तितका सोपा नव्हता.) पण आजच्या महाराष्ट्रातलाच एक सरकारी डॉक्टर मांजरींची बाजू घेऊन लिहीत होता ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे शहर वाढलं. सिडको, सातपूर, अंबडची कारखानदारी, १९८२ ला महानगरपालिका, एकेक वाडा पडत गेला आणि फ्लॅट उभे राहिले. फ्लॅटला माळा नाही, दार कायम बंद, धान्य पाच-पाच किलोच्या पिशवीत, दूध फ्रिजमध्ये. मांजर पार्किंगमध्ये आली. मग चिकनच्या दुकानामागचं, कचराकुंडीतलं खायला लागली, आणि घंटागाडी दारात यायला लागल्यावर कुंड्याही कमी झाल्या, मग उरलं कोण तर खाली वाटी ठेवणारी दोन-चार माणसं. भांडणाचं मूळ इथे आहे.

नसबंदीच्या बाबतीत कायद्याने आधी कुत्र्यांचाच विचार केला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५० च्या दशकात राज्यसभेत खाजगी विधेयक आणलं, त्यातून पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला आणि १९६२ ला पशु कल्याण मंडळ. नसबंदीचे २००१ चे नियम मात्र नावासकट फक्त कुत्र्यांचे होते. मार्च २०२३ च्या नव्या नियमांत भटक्याऐवजी सामुदायिक प्राणी असा विचार आला आणि खायला घालायची जागा ठरवून द्यायची जबाबदारी सोसायटीवर आली. वाड्यात हे कुणी न लिहिता चालत होतंच की.

पकडा, नसबंदी करा, तिथेच सोडा ही पद्धत मांजरींसाठी १९७० च्या दशकात ब्रिटन, डेन्मार्ककडे रुजली, अमेरिकेत १९९० नंतर पसरली. कारण साधं आहे. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाच परत माजावर येते. नुसतं खायला घातलं तर पार्किंग भरणारच, आणि गोणीत घालून गंगापूर धरणाकडे सोडून आलं तर तिचे हाल होतात आणि इथली जागा दुसरी मांजर घेते कारण खाणं इथेच असतं.

आता काम असं चालतं की रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यात खाणं, मांजरींना सवय झाली की एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं तितका वेळ उपाशी ठेवून पिंजऱ्यात बांगड्याचा तुकडा, दार पडलं की लगेच वरून जाड चादर, अंधार झाला की ती धडपड थांबवते. ऑपरेशनच्या भुलीतच कानाचं टोक सरळ कापतात म्हणजे लांबूनच कळतं की हिचं झालंय, परत पकडायला नको, सोबत रेबीजची लसही. दूध पाजू नका, मोठ्या मांजरींना बहुतेक वेळा पचत नाही, आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामोल तर अजिबात नको, त्याने मांजर मरते. नाशिकच्या थंडीत त्या गरम इंजिनाला चिकटून बसतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडी काढण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि जरा थांबा, पिल्लांना बाहेर पडायला वेळ लागतो.