बॅनबरीचा क्रॉस: बालगीतातला आणि चौकातला

इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत 'बॅनबरी क्रॉस'ला घोड्यावरून नेणारं गाणं घोकलेली मंडळी इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या बॅनबरी या बाजारगावी गेली, की चौकातल्या उंच दगडी मनोऱ्यासमोर फोटो काढतात आणि खाली लिहितात, "गाण्यातला तो हाच!"

तो हा नव्हे. हा मनोरा 1859 चा. व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी प्रशियाच्या राजपुत्राला दिली, त्या लग्नाची ही आठवण. त्यावरचे व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे पुतळे तर आणखी नंतरचे, 1914 चे.

मग जुना क्रॉस? एक नव्हे, गावात तीन होते. त्यातला बाजारातला मुख्य क्रॉस 1600 च्या जुलैत पाडला गेला. पाडणारा कुणी परका शत्रू नव्हता. गावात तेव्हा प्युरिटनांचं, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट सुधारकांचं वजन होतं आणि त्यांना क्रॉस म्हणजे निव्वळ मूर्तिपूजा वाटे. पुढे अडीचशे वर्षं गावात तो मुख्य क्रॉसच नाही आणि गावाचं नाव मात्र गाण्यात गाजतंय, असा मामला!

गाण्यात क्रॉसला जाऊन पाहायची ती पांढऱ्या घोड्यावरची बाई कोण, यावर एलिझाबेथ राणीपासून दंतकथेतल्या घोडेस्वार लेडी गोडायव्हापर्यंत नावं सुचवली जातात. पुरावा एकीचाही नाही. क्रॉसजवळचा तिचा पुतळाही 2005 चा.

एकेकाळी युरोपातल्या मोठ्या बाजारांत गणला जाणारा इथला गुरांचा बाजार 1998 मध्ये बंद पडला, तिथे आता घरं आहेत. मनुका भरलेला लांबट बॅनबरी केक मात्र अजून मिळतो.