बाला देवी

ङांगोम बाला देवी (जन्म : २ फेब्रुवारी १९९०). भारतीय महिला फुटबॉल संघाची आघाडीपटू व माजी कर्णधार. युरोपातील क्लबशी व्यावसायिक करार करणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू.

मूळची मणिपूरची. लहानपणी ती मुलांच्यात खेळे. २००५ मध्ये, पंधराव्या वर्षीच भारतीय संघात आली. २०१४ च्या सॅफ (दक्षिण आशियाई देशांच्या) स्पर्धेत तिने १६ गोल केले. २०१४ व २०१५ अशी सलग दोन वर्षे ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू ठरली. एवढे होऊनही चरितार्थ फुटबॉलवर नव्हता, मणिपूर पोलिसांतल्या नोकरीवर होता. सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. इथेही मैदानावरच्या मुलीच्या घरचे आधी भरतीची जाहिरात आणि खेळाडूंचा ५ टक्के कोटा पाहतात, पदके मागाहून.

इंडियन विमेन्स लीग या महिलांच्या राष्ट्रीय क्लब स्पर्धेच्या २०१८-१९ च्या हंगामात तिने मणिपूर पोलीस संघाकडून २६ गोल ठोकले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण तो ‘हंगाम’ म्हणजे मे २०१९ मध्ये लुधियानात काही आठवड्यांत उरकलेली स्पर्धा होती. घरच्या आणि परक्या मैदानांवर आळीपाळीने सामने २०२३-२४ पासून सुरू झाले. तोवर बाला तिशी ओलांडून गेली होती. तिच्या कारकिर्दीत गोल भरपूर आणि सामने थोडे, हे ध्यानात ठेवूनच तिची तुलना पुरुष खेळाडूंशी करावी.

जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिला अठरा महिन्यांसाठी करारबद्ध केले आणि १० क्रमांकाची जर्सी दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मदरवेलविरुद्ध पहिला गोल झाला. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने घात केला. २०२२ चा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, म्हणजे सोलापूरकरांना पुण्याच्या ‘हुतात्मा’ एक्सप्रेसने गाठता येईल इतका जवळ; त्यात ती नव्हतीच, आणि भारतालाही करोनामुळे स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली. तिने पुनरागमन केले ते मात्र जिद्दीने : ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूत पाकिस्तानविरुद्ध तिचा ५० वा आंतरराष्ट्रीय गोल झाला. हा टप्पा गाठणारी ती पहिली भारतीय महिला.

सोलापुरात तिचे नाव क्वचितच निघते. जिल्ह्याची ओळख खो-खोची, आणि अलीकडे क्रिकेटपटू किरण नवगिरेची. माळशिरस तालुक्यातली ही मुलगी देशांतर्गत क्रिकेट नागालँडकडून खेळत भारतीय संघात पोहोचली. फुटबॉल खेळू पाहणाऱ्या मुलीला मात्र इथे मुख्य दार एकच, सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या सतरा वर्षांखालील गटाचे. जिल्ह्यातून विभागात आणि तिथून राज्यात जाताना पुणे विभागातच कसलेले संघ भेटतात, आणि राज्यस्तरावर फुटबॉलवेडे कोल्हापूर असतेच. वयोगट संपला की पुढे काय, हा प्रश्न बालालाही सुटला तो पोलीस खात्यामुळे.