कुणी न लावलेली रांग: मोरोंदावाच्या बाओबाबांची पार्श्वभूमी

दिवस कलायला लागला की मोरोंदावाहून निघालेल्या गाड्या एकामागोमाग एक इथे येऊन थांबतात. पश्चिम मादागास्करच्या मेनाबे भागातला हा मातीचा रस्ता पुढे बेलोनि त्सिरिबिहिनाला जातो. त्यातल्या जेमतेम २६० मीटरांच्या टप्प्यात दुतर्फा बाओबाबची, म्हणजे आपल्या गोरखचिंचेच्या जातकुळीतली, वीस-पंचवीस झाडं उभी आहेत. उंची ३० मीटरच्या घरात आणि फांद्या फक्त शेंड्याला. हा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो.

बाओबाबचा उगम मादागास्करातच, साधारण २ कोटी वर्षांपूर्वी झाला असावा, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकीय अभ्यास सांगतो. सहा जाती फक्त याच बेटावर आहेत. एक आफ्रिकेत आणि एक ऑस्ट्रेलियात आहे. आपल्या वसईच्या किल्ल्यात किंवा मांडूला दिसते ती गोरखचिंच म्हणजे आफ्रिकेतली जात. मोरोंदावाच्या रस्त्यावरची जात वेगळी, ग्रँडिडिएरी. तिथले लोक तिला ‘रेनियाला’ म्हणतात, म्हणजे वनाची आई. वयाचे आकडे मात्र ८०० पासून २,८०० वर्षांपर्यंत काहीही ऐकू येतात. या झाडांची वाढीची वलयं पुसट असतात आणि खोड बऱ्याचदा आतून पोकळ, त्यामुळे नुसतं पाहून सांगितलेल्या वयावर विसंबू नये.

खरा गुंता नावात आहे. फ्रेंचमध्ये या जागेला ‘आले दे बाओबाब’ म्हणतात, इंग्रजीत ‘अ‍ॅव्हेन्यू’. दोन्ही शब्द ऐकले की कुणीतरी आखून, मापून, दोन्ही कडांनी झाडं लावली असं वाटतं. आपल्याला तर ‘रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावली’ हे वाक्य शाळेपासून पाठ, त्यामुळे आपण अधिकच फसतो. इथे कुणीही झाडं लावलेली नाहीत. शुष्क प्रदेशातलं घनदाट जंगल होतं, त्यात हे बाओबाब इतर झाडांबरोबर उभे होते. मका, भुईमूग आणि इतर पिकांसाठी जंगल तोडत, जाळत शेतं पुढे सरकत गेली आणि बाओबाब तेवढे मागे राहिले. ते का राहिले, हे समजून घ्यायला हवं. त्यांचं लाकूड भुसभुशीत, पाणी धरणारं; त्याची फळी निघत नाही आणि सरपणालाही ते कामाचं नाही. उलट फळं खायला होतात, बियांचं तेल निघतं, सालीचे दोर वळतात. सोललेली साल पुन्हा धरते. फळं काढायला चढता यावं म्हणून या झाडांच्या खोडात लाकडी खुंट्या ठोकण्याची तिथे रीत आहे. शिवाय काही झाडांत पूर्वजांचा, आत्म्यांचा वास मानतात आणि तिथे नैवेद्य ठेवतात.

म्हणून माझ्या मते ‘अ‍ॅव्हेन्यू’ हा शब्द दिशाभूल करतो. तो उरलेल्या झाडांना सजावट ठरवतो. ज्या मोकळ्या क्षितिजावर सगळे सूर्यास्त टिपतात, ते जंगल गेल्यामुळे मोकळं झालं आहे. जंगल असतं तर या रस्त्यावरून मावळता सूर्य असा दिसलाच नसता.

जुलै २००७ मध्ये सरकारने या जागेला तात्पुरतं संरक्षण दिलं. नैसर्गिक स्मारक घोषित करण्याच्या दिशेनं ते पहिलं पाऊल होतं. त्या निर्णयावरचा आक्षेप आजही खरा वाटतो: रांग वाचवली, पण तिच्याभोवती राखीव पट्टा धड ठेवला नाही. शेजारी भातखाचरं आहेत, ऊस आहे. त्यांचं पाणी मुळांपर्यंत येतं आणि वणवे तर येतातच. दुसरी बाजूही आहे. त्या जमिनीवर पोट असलेल्या कुटुंबांना निव्वळ मनाई करून भागत नाही. कितीतरी वर्षं इथे ना फाटक होतं, ना प्रवेश शुल्क. पर्यटक यायचे, फोटो काढून जायचे आणि गावाच्या हाती फारसं काही पडायचं नाही. पुढे गाड्या उभ्या करण्याचं शुल्क सुरू झालं, जवळच रोपवाटिका उभी राहिली.

रोपं मुद्दाम वाढवावी लागतात. नांगरट, आग आणि गुरं यांच्यातून आपसूक उगवलेलं रोप सहसा वाचत नाही. मोठ्या फळांच्या बिया लांबवर नेणारे प्राणी बहुधा बेटावरून कधीच नामशेष झाले आहेत. ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. मे ते ऑगस्टच्या सुमारास, पानं नसताना, तिला पांढरी फुलं येतात आणि बहुतेक फुलं नेमकी तिन्हीसांजेला उमलतात. परागीभवन करतात ती फळं खाणारी वटवाघळं आणि चेहऱ्यावर काळे पट्टे असलेले छोटे निशाचर लेमूर, माकडांच्या नात्यातले प्राणी. लेमूर राहतात जंगलात, आणि जंगल आता या रस्त्यापासून दूर गेलं आहे.