बोअरचा पाया आणि सोलापूरचे कळप : पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत बंदिस्त शेळीपालनाचे जे कळप उभे राहिले, त्यांतल्या अनेकांचा पाया बोअर बोकडावर रचलेला आहे. ही जात दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातली. तिथल्या पैदासकारांनी १९५९ साली संघ स्थापून जातीचे निकष ठरवले आणि पुढे निव्वळ मांसासाठी निवडलेली शेळी म्हणून ती इतर देशांत पसरली. परदेशी रक्त आणून स्थानिक जनावर सुधारण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. दख्खनी मेंढीवर मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी मेंढ्यांचे प्रयोग त्याआधीच झाले होते. मात्र त्यांचा रोख लोकरीवर होता, आणि मांसाच्या शेळीला त्यांतून फारसे काही मिळाले नाही.

बोअर महाराष्ट्रात आली ती प्रामुख्याने गोठवलेल्या गर्भांच्या रूपाने. १९९० च्या दशकात फलटणच्या एका संशोधन संस्थेने असे गर्भ आणून ते स्थानिक शेळ्यांच्या गर्भाशयात वाढवले. जिवंत जनावराबरोबर रोग येण्याचा धोका मोठा असतो आणि आयातीवर १८९८ पासून कायद्याचे नियंत्रण आहे, हे त्यामागचे एक कारण. दुसरे कारण अधिक व्यवहारी होते. गर्भातून इथेच जन्मलेले करडू इथल्या शेळीचा चीक पिते आणि इथल्या रोगांविरुद्धची सुरुवातीची प्रतिकारशक्ती त्याला आईकडूनच मिळते. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची नोंद भारतात १९८७ मध्येच झालेली असल्यामुळे हा फायदा लहान नव्हता. तोटा असा, की या मार्गाने येणारी मूळ जनावरे मोजकीच राहतात आणि पुढचे सगळे कळप त्याच थोड्या वंशांवर उभे राहतात.

सोलापूरकडे या बोकडांची पिल्ले आली तेव्हा इथे कळप रिकामे नव्हते. उस्मानाबादी शेळीचा मूळ पट्टा तुळजापूरपासून सुरू होतो आणि तुळजापूर सोलापूर शहरापासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. बार्शी, मोहोळ आणि दक्षिण सोलापूरच्या गावांतली काळी, तीस-पस्तीस किलोची, बऱ्याचदा जुळी देणारी शेळी तीच. कमी पावसाच्या या भागात ती बोर, बाभूळ आणि तुरीच्या भुस्कटावर तग धरते. सांगोला तालुक्यातल्या महूदला शेळ्या-मेंढ्यांचे शासकीय प्रक्षेत्र आहे, दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट देणाऱ्या योजनाही गावोगाव पोहोचल्या आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळानंतर मोठ्या जनावरांऐवजी शेळीकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली आणि बोअर बोकडाची मागणीही त्याच काळात चढली.

खरा मतभेद तिथून सुरू झाला. उस्मानाबादी शेळी बोअर बोकडाला दिल्यावर पहिल्या पिढीची सगळी करडे मांसासाठी विकायची, की त्यांतल्या पाटी, म्हणजे तरुण माद्या, राखून त्या पुन्हा पुन्हा बोअरलाच फळवत रक्ताचे प्रमाण चढवत न्यायचे? पहिल्या मार्गात संकराचा जोम, म्हणजे दोन जाती एकत्र आल्याने करडांत दिसणारी जादा वाढ आणि तग, पूर्ण मिळतो, करडे एकसारखी निपजतात आणि दूध, जुळेपणा, काटकपणा हे आईचे गुण कळपात शाबूत राहतात. पण त्यासाठी शुद्ध उस्मानाबादी शेळ्यांचा कळप कायम टिकवावा लागतो आणि दर दोन वर्षांनी बाहेरून चांगला बोकड आणावा लागतो. वीस-पंचवीस शेळ्यांच्या मालकाला हा खर्च जड जातो.

दुसऱ्या मार्गात पन्नास, पंचाहत्तर, साडेसत्त्याऐंशी आणि पावणेचौऱ्याण्णव टक्के अशा पायऱ्या आहेत. चार पिढ्यांना साधारण पाच वर्षे लागतात आणि प्रत्येक पायरीवर पाटीची किंमत वाढत जाते. आमच्या जिल्ह्याने बहुतांशी हाच मार्ग धरला, आणि माझ्या मते तो मांस खाणाऱ्यांपेक्षा पैदाशीचे बोकड विकणाऱ्यांच्या सोयीचा होता. सांगोल्याच्या बाजारात व्यापारी बोकडाच्या शेवटच्या बरगडीमागे पाठीवर अंगठा दाबून मांस अजमावतो, ओठ वर करून दात पाहतो आणि नगावर भाव सांगतो. रक्त किती टक्के, हे तो विचारत नाही. टक्क्यांना मोल येते ते नवीन कळप उभारणाऱ्याला पाटी विकताना. शिवाय हे टक्के केवळ वंशाचा हिशेब सांगतात. करडाने तीन महिन्यांत किती वजन धरले, हे त्यांतून कळत नाही.

सर्वांत जास्त नुकसान तिसऱ्या, न ठरवता पडलेल्या वाटेने केले. शुद्ध बोकड परवडत नाही म्हणून अनेकांनी पन्नास टक्क्यांचाच बोकड पैदाशीला ठेवला. त्याची करडे एका वेतातही सारखी निघत नाहीत, आणि तो पन्नास टक्क्यांच्याच पाटींवर सोडला तर संकराचा जोम निम्म्यावर येतो. तोच बोकड स्वतःपासून झालेल्या पाटींवर सोडला गेला, तर एका पिढीत पंचवीस टक्के अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, होते. मरतुक वाढते, शेळ्या उलटतात, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात, आणि दोष चाऱ्याला दिला जातो. एक बोकड आणि पंचवीस शेळ्या अशा बंद कळपात प्रत्येक करडाचे निम्मे रक्त त्या एकाच बोकडाचे असते, म्हणून तो आनुवंशिकदृष्ट्या जेमतेम चार जनावरांच्या कळपाएवढा ठरतो, आणि दर पिढीला अंतःप्रजनन तेरा टक्क्यांच्या आसपास वाढते. त्याच पंचवीस शेळ्यांना चार वेगळ्या वंशांचे बोकड दिले, तर ही वाढ चार टक्क्यांच्या खाली राहते. फलटणहून बोकड घेताना कानातल्या बिल्ल्याबरोबर आई-बापाची नोंदही मागून घेणारे पालक होते, आणि त्यांचे कळप आजही वेगळे दिसतात.

२०२१ मध्ये केंद्राच्या सुधारित पशुधन योजनेत ५०० शेळ्या आणि २५ बोकडांच्या पैदास प्रकल्पाला पन्नास टक्के, कमाल ५० लाख रुपये अनुदान ठरले. पुढे लहान गटांनाही त्यात जागा मिळाली. पंचवीस बोकड खरोखर वेगवेगळ्या वंशांचे असतील, तर असा कळप पिढ्यान्पिढ्या बाहेरच्या रक्ताशिवाय चालू शकतो. ते दोन-तीन बोकडांचीच संतती असतील, तर त्यांतले बहुतेक एकमेकांचे सावत्र भाऊ असतात आणि प्रकल्पाच्या कागदावरचा २५ हा आकडा त्या दोन-तीन बापांपुरताच उरतो.