जुळ्यांचा अंगठा एकच असतो का?

'जुळे भाऊ हुबेहूब, म्हणून अंगठ्याचे ठसेही सारखेच' हा फॉरवर्ड जुनाच. गोष्टींतही एक भाऊ दुसऱ्याच्या नावानं अंगठा मारून वावर लाटतो.

असं वाटणं साहजिक आहे. चेहऱ्यावरून कधी कधी आईही फसते. पण आपलीच दहा बोटं बघा. शरीर एक, जनुकं तीच, तरी दहाही ठसे वेगळे. या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून घडतात. तेव्हा बोटाची वाढ, बाळाची स्थिती, भोवतालच्या पाण्याचा दाब, सगळ्यानं फरक पडतो.

शाईच्या पॅडवर दोघांचाही उजवा अंगठा टेकवा, कोऱ्या कागदावर उमटवा, भिंगातून पाहा. रेषांचा आकार, जसं भोवरा, दोघांचाही सारखा दिसू शकेल, पण रेघ कुठं तुटते, कुठं फाटा फुटतो, ते जुळत नाही. कापूस वेचून बोटं घासली असतील, तर मात्र आठवडाभर थांबा.