डाउनलोड मधेच तुटलं तर पहिल्यापासून सुरू करू नका

नेट स्लो आहे, मधेच जातं, अशांसाठीच आम्ही हा डाउनलोड मॅनेजर बनवलाय. पण आधीच सांगतो, याने स्पीड वाढेल म्हणून घेऊ नका, तुमच्या लाईनचा जो स्पीड आहे तोच राहणार. २ एमबीपीएसच्या लाईनवर सेकंदाला जेमतेम पाव एमबी येतं, कारण एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट आणि ८ बिटचा एक बाइट, त्यामुळे ७०० एमबीची फाईल उतरायला पाऊण तास तरी जाणारच. वाचतं ते काय, तर चाळीसाव्या मिनिटाला लाईन गेली की ब्राउझरमधलं डाउनलोड बरेचदा फेल होतं आणि परत शून्यापासून, ज्यांना डेटा मोजून मिळतो त्यांचा डेटापण दुप्पट जातो, ते सगळं वाचतं.

आमचा मॅनेजर आलेला भाग डिस्कवर ठेवतो आणि लाईन आली की सर्व्हरला सांगतो, इथपर्यंत मिळालंय, पुढचं दे. ही सोय एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यात, १९९७ पासून आहे पण प्रत्येक सर्व्हर ती देतोच असं नाही. सर्व्हरने उत्तरात २०६ कोड दिला, म्हणजे तो फक्त मागितलेला भाग पाठवतोय, तर काम झालं. २०० दिला तर तो पूर्ण फाईल पहिल्यापासून पाठवतोय, अशा वेळी आम्ही थांबून तुम्हाला विचारतो, जुना भाग परस्पर पुसत नाही. म्हणून मोठी फाईल रात्री लावून झोपण्याआधी खिडकीत 'रिझ्युम: हो' (म्हणजे थांबलं तिथून पुढे चालू होईल) दिसतंय का तेवढं बघाच.

सगळ्यात जास्त फोन येतात ते लिंक एक्स्पायर झाल्याचे. लॉगिन लागणाऱ्या साइटवर लिंक थोडाच वेळ चालते, मग निम्म्यात एरर येतो आणि लोक वैतागून एंट्रीच डिलीट करतात. कृपा करून डिलीट करू नका! साइटवर परत लॉगिन करा, नवीन लिंक कॉपी करा, जुन्या एंट्रीवर राइट क्लिक करून 'लिंक बदला' मध्ये पेस्ट करा, की जिथे थांबलं तिथून पुढे चालू. फक्त फाईल तीच असली पाहिजे, मधल्या काळात साइटने नवीन व्हर्जन टाकलं असेल तर अर्धी जुनी अर्धी नवी अशी फाईल होते आणि झिप उघडतच नाही. सर्व्हर फाईलची ओळख पाठवत असेल तर ते आम्हाला कळतं आणि तसं तुम्हाला सांगतो, पण सगळे पाठवत नाहीत.

एक फाईल किती तुकड्यांत आणायची तो आकडा उगाच १६ वर नेऊ नका, लाईनच बारीक असेल तर काही फरक पडत नाही आणि काही सर्व्हर इतकी कनेक्शन दिसली की ब्लॉक करतात. आमच्या मते सारखी तुटणारी लाईन असेल तर १ किंवा २ बास.

आणि पेनड्राइव्हवर उतरवत असाल तर तो फॅट३२ (फाईली साठवायची एक जुनी पद्धत) आहे का बघा, त्यावर ४ जीबीच्या वरची फाईल बसत नाही, कितीही वेळा रिझ्युम केलं तरी.